टिग वेल्डच्या डबक्याचं गणित: प्रकल्प नोंदी

५ जून

काम ठरलं. ३०४ स्टेनलेसची १० मिमी जाड प्लेट, टिगची (टंगस्टनच्या टोकातून विजेची आर्क पेटवून केलेलं वेल्डिंग) टॉर्च एका जागी स्थिर, फिलर म्हणजे वरून भरायचा धातू नाही, हवेपासून आडोसा म्हणून शुद्ध अरगॉन. १२० अँपिअर, ११ व्होल्ट, आर्क ३ सेकंद पेटती. एवढ्यात प्लेटवर वितळलेल्या धातूचं जे डबकं तयार होतं, त्याची रुंदी आणि खोली कोडने काढायची आणि प्रत्यक्ष कापलेल्या तुकड्याशी ताडून पाहायची. टॉर्च स्थिर ठेवण्याचं कारण सरळ आहे. डबकं गोल राहतं, म्हणून गणित त्रिज्या आणि खोली या दोनच दिशांत मावतं.

तुलनेसाठी दोन प्लेटींवर एकाच सेटिंगने स्पॉट मारून घेतले. मधोमध कापले, पॉलिश केले आणि १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात विजेने एचिंग केलं. एचिंग झाल्यावर वितळून गोठलेला भाग आणि मूळ प्लेट यांच्यामधली रेघ भिंगाशिवाय दिसते. पहिल्या प्लेटवर रुंदी ६.६ मिमी, खोली १.४ मिमी, बशीसारखं उथळ. दुसरीवर रुंदी ५.३ आणि खोली २.६. टॉर्च तीच, टोकाची धार तीच, मशीनवरचे आकडेही तेच. प्लेटी मात्र भट्टीच्या वेगवेगळ्या घाण्यांतल्या आहेत. सध्या त्यांना अ आणि ब म्हणतो.

९ जून

आधी फक्त उष्णतेचं वहन, वितळलेल्या धातूचा प्रवाह शून्य. कोड पायथनमध्ये, आतली लूप वेगासाठी नंबा या पायथनच्या साधनाने कंपाइल केलेली. आर्कची कार्यक्षमता ०.७ धरली, म्हणजे प्लेटीत ९२४ वॅट जातात. पृष्ठभागावर ही उष्णता गाउसच्या घंटाकृती वक्राने पसरलेली, सिग्मा (वक्राच्या पसरटपणाचं माप) १.५ मिमी.

इथेच पहिली ठेच. प्रकाशित कामांत हा वक्र निदान तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. कुणी घातांकात सिग्माच्या वर्गाची दुप्पट भागाकारात ठेवतो, कुणी त्रिज्येच्या वर्गाला ३ ने गुणतो, कुणी २ ने. ३ वाल्या तऱ्हेतली ‘आर्कची त्रिज्या’ म्हणजे सिग्माच्या सुमारे २.४५ पट. आकडा एकाचा आणि सूत्र दुसऱ्याचं घेतलं तर मधल्या बिंदूवरची उष्णतेची घनता सहापट होते, आणि कोड तक्रार करत नाही. म्हणून कुठलाही रन घेण्याआधी पृष्ठभागावरची उष्णता सगळ्या सेलवर (गणितासाठी प्लेटीचे पाडलेले बारीक चौकोन) बेरीज करून ९२४ येते का, आणि मधल्या बिंदूवर चौरस मिलिमीटरला साधारण ६५ वॅट आहेत का, या दोन्ही गोष्टी छापून घेतो.

जाड ठोकळ्यावर, अप्रकट उष्मा (वितळताना धातू शोषून घेतो ती उष्णता) बंद ठेवून, मधल्या बिंदूचं तापमान हाताने काढता येतं. सूत्राने ३ सेकंदांनंतर ३,९०० केल्विनच्या घरात येतं, कोडनेही तेवढंच दिलं. कोड बरोबर आहे एवढंच यातून कळलं. उत्तर साफ चूक आहे, कारण लोखंड साध्या दाबाला ३,१३५ केल्विनच्या आसपास उकळतं आणि आमच्या प्लेटीवर उकळी वगैरे काही आलेली नव्हती. बिंदूएवढा उष्णतास्रोत धरणारं रोझेन्थालचं १९४० च्या दशकातलं सूत्र तर त्या बिंदूवर अनंत तापमान देतं. डबक्यापासून लांब, थंड भागात ते आजही उत्तम चालतं. डबक्याच्या आत त्याच्यावर विसंबू नये.

१४ जून

अप्रकट उष्मा घातला. सॉलिडस (वितळायला सुरुवात होते ते तापमान) १,६७३ केल्विन, लिक्विडस (पूर्ण वितळतं ते) १,७२३ धरला, मध्ये ५० अंशांचा अर्धवट वितळलेला पट्टा. अप्रकट उष्मा किलोला २.६ लाख ज्यूल.

सोपी वाट म्हणून त्या ५० अंशांत विशिष्ट उष्मा फुगवून पाहिला. ७५० ऐवजी जवळजवळ ६,०००. आर्कच्या ऐन खाली तापमान इतकं झपाट्याने चढतं की काही सेल एकाच टाइम स्टेपमध्ये (गणित पुढे नेण्याचा वेळेचा एक टप्पा) हा पट्टा ओलांडून पलीकडे जातात आणि अप्रकट उष्मा भरायचाच राहतो. एकूण उष्णतेचा ताळेबंद हळूहळू सुटत गेला. टाइम स्टेप लहान केली की सुधारतो, पण पुढे प्रवाह आल्यावर वाहत येणारा गरम धातू हाच प्रकार पुन्हा करणार. म्हणून ती वाट सोडली. आता मुख्य चल एन्थाल्पी, म्हणजे अप्रकट उष्म्यासकट धातूतली एकूण उष्णता. प्रत्येक स्टेपमध्ये द्रव-अंश (सेलचा किती भाग वितळला) पुनःपुन्हा सुधारत न्यायचा, तापमान आणि द्रव-अंश एकमेकांशी जुळेपर्यंत. व्होलर आणि प्रकाश यांनी १९८७ मध्ये मांडलेली पद्धत हीच, पुढच्या प्रवाहाच्या भागासकट.

तपासायला स्टेफानचा एकमितीय प्रश्न घेतला, वितळण्याच्या सरकत्या सीमेचा, ज्याचं उत्तर सूत्राने काढता येतं. वितळण्याची सीमा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकली पाहिजे. सरकते, पण जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखी, सेलमागून सेल. सेल लहान केले की पायऱ्या बारीक होतात, सरासरी रेष बरोबर बसते. एवढं पुरे.

एक हिशेब करून पाहिला. संपूर्ण डबकं वितळायला लागलेला अप्रकट उष्मा जेमतेम ६० ज्यूल, आणि आर्कने दिलेली उष्णता २,७७० ज्यूल. म्हणजे सगळा खटाटोप दोन-अडीच टक्क्यांसाठी! तरी हा भाग वगळून चालत नाही, कारण डबक्याची कड नेमकी कुठे आहे हे ठरतं ते याच ठिकाणी.

२० जून

प्रवाह जोडला. वेल्डवर जाण्याआधी गॅलियमची परीक्षा, म्हणजे हा धातू पेटीत वितळवण्याच्या ज्ञात प्रयोगाशी कोड ताडून पाहायचा. गाऊ आणि विस्कांता यांचा १९८६ चा प्रयोग या क्षेत्रात सगळेच वापरतात. ८८.९ मिमी रुंद, ६३.५ मिमी उंच पेटी, डावी भिंत ३८ अंश सेल्सिअसला, समोरची २८.३ ला, गॅलियम वितळतं २९.७८ अंशांना. डावीकडून वितळत जातं आणि गरम द्रव वर चढत असल्याने सीमा वरच्या बाजूला पुढे झुकते.

जाड मेशवर (सेलची जाळी) प्रयोगाच्या आलेखासारखंच चित्र आलं, एकच मोठा भोवरा. इथेच थांबायचा मोह होतो. मेश बारीक केली आणि सुरुवातीच्या मिनिटांत एकाऐवजी तीन-चार भोवरे दिसायला लागले, सीमाही लाटेसारखी वाकडी झाली. दोष कोडमध्ये असणार असं धरून दाबाचं समीकरण, प्रवाहाबरोबर वाहून जाणाऱ्या उष्णतेच्या पदाची स्कीम (आकडेमोडीची पद्धत), भिंतीच्या अटी असं एकेक उसवून पाहिलं. यात बराच वेळ गेला. अखेरीस कळलं की हा वाद जुनाच आहे आणि २००३ मध्ये मिटलेला आहे. द्विमितीय समीकरणांचं खरं उत्तर अनेक भोवऱ्यांचंच आहे. जाड मेश आणि पहिल्या दर्जाच्या, कमी अचूक स्कीम त्यांना पुसून टाकतात आणि प्रयोगाशी जुळणारं चित्र चुकीच्या कारणाने मिळतं.

ज्यांना हेच करायचं आहे त्यांनी गॅलियमवर ‘जुळलं’ म्हणून पुढे जाऊ नये. मेश दुप्पट बारीक करून तेच चित्र टिकतं का पाहावं.

२९ जून

अर्धवट वितळलेल्या पट्ट्यातल्या प्रवाहाला अडवणाऱ्या पदात एक स्थिरांक असतो. घन-अंशाचा (न वितळलेला भाग) वर्ग भागिले द्रव-अंशाचा तिसरा घात, त्याला या स्थिरांकाने गुणून वेगाच्या विरुद्ध लावायचं. भागाकारात शून्य येऊ नये म्हणून ०.००१ मिळवायचं. स्थिरांक किती हे कुणी ठामपणे सांगत नाही. वापरात १० चा चौथा घात ते आठवा घात, काहीही दिसतं.

१० चा चौथा घात ठेवला तेव्हा न वितळलेली प्लेट मुंगीच्या पावलाने सरकत होती. वेगाच्या चित्रात बाणांची लांबी आपोआप ठरते म्हणून हे लक्षात येत नाही. घन सेलमधला सर्वांत मोठा वेग वेगळा छापल्यावर दिसलं. सहाव्या घाताला प्लेट स्थिर, पण प्रवाह पट्ट्याच्या आत बराच शिरतो. आठव्याला पट्टा जवळजवळ भिंतीसारखा वागतो.

खरा उपाय मेशमध्ये आहे. कडेजवळ तापमानाचा उतार मिलिमीटरला ३०० अंशांच्या आसपास, म्हणजे ५० अंशांचा पट्टा जेमतेम ०.१७ मिमी रुंद. ०.१ मिमीच्या सेलने तो दोन सेलमध्ये संपतो, मग स्थिरांक काय वाटेल ते करतो. २५ मायक्रॉनचे सेल ठेवले तर पट्ट्यात सहा-सात सेल येतात आणि सहावा घात, आठवा घात यांतला खोलीचा फरक बराच कमी होतो. पुढचं सगळं सातव्या घातावर.

४ जुलै

मॅरँगोनी प्रवाह, म्हणजे पृष्ठीय ताणातल्या फरकाने होणारा. खरा खेळ इथून सुरू.

डबक्याचा मध्य गरम, कड थंड. पृष्ठीय ताण तापमानाबरोबर बदलतो, म्हणून पृष्ठभागावरचा धातू कमी ताणाच्या जागेकडून जास्त ताणाच्या जागेकडे ओढला जातो. शुद्ध लोखंडात दर केल्विनला मीटरमागे ०.४३ मिलिन्यूटन इतका ताण घटतो. म्हणजे मध्याकडचा धातू कडेकडे धावणार.

पृष्ठभागाच्या तापमानाचा उतार मिलिमीटरला ५०० अंश धरा. ओढ येते चौरस मीटरला सुमारे २१५ न्यूटन. वितळलेल्या पोलादाची व्हिस्कॉसिटी ०.००६ पास्कल-सेकंद. भागाकार केला तर पृष्ठभागाखाली १० मायक्रॉन उतरताच वेग सेकंदाला ०.३६ मीटरने बदलतो! बाउंडरी लेअर, म्हणजे वेग झपाट्याने बदलणारा पृष्ठभागालगतचा पातळ थर, ४० मायक्रॉनच्या घरात. पृष्ठभागालगतचा माझा पहिला सेल तोवर १०० मायक्रॉन उंच होता, अख्खी बाउंडरी लेअर त्याच्या पोटात. त्या मेशवर आलेले वेग कशाचेच नव्हते. आता पृष्ठभागाला १० मायक्रॉन, खाली जाताना हळूहळू मोठे. टाइम स्टेपही १० मायक्रोसेकंदांवर आली आणि ३ सेकंदांचा जो रन पाव तासात उरकत होता तो आठ तास घ्यायला लागला. रात्री लावायचा, सकाळी पाहायचा.

दुसरी अडचण लहान, पण त्रासदायक. ओढीची अट पृष्ठभागावरच्या सगळ्या सेलना लावली की डबक्याच्या कडेबाहेरची घन प्लेटही ओढली जाते आणि कडेच्या सेलमध्ये दाब पिसाळतो. ओढीला त्या सेलच्या द्रव-अंशाने गुणलं की शांत.

११ जुलै

शुद्ध लोखंडाच्या आकड्याने आलेलं उत्तर: रुंदी ६.९, खोली १.२. मधलं तापमान २,६०० केल्विनच्या खाली उतरलं, कारण गरम धातू मध्यातून सतत बाहेर वाहून नेला जातोय. अ प्लेटीशी मेळ ठीक. ब प्लेटीशी काहीच मेळ नाही.

इथे हात शिवशिवतात. कार्यक्षमता ०.७ ऐवजी ०.७८ करा, सिग्मा १.२ वर आणा, द्रवाची वाहकता तिप्पट करा. करूनही पाहिलं, दडवत नाही. ब प्लेटीची खोली मिळते. तीन खुंट्या मोकळ्या असल्या की कापलेल्या तुकड्यावर काढलेला कुठलाही वक्र कोडमधून बाहेर काढता येतो. पण मग त्याच खुंट्यांनी अ बिघडते, आणि दोन्ही प्लेटींवर आर्क एकच होती. आर्क एक असेल तर आर्कचे आकडेही दोघींना एकच हवेत. हा नियम भिंतीवर लिहून ठेवला आणि ०.७ आणि १.५ ला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं.

१५ जुलै

मग फरक प्लेटीतच असणार. हाइपल आणि रोपर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलेली गोष्ट: पोलादात सल्फर किंवा ऑक्सिजनचा अंश असला की पृष्ठीय ताणाचा उतार उलटा होऊ शकतो, म्हणजे तापमान वाढलं की ताण घटण्याऐवजी वाढतो. मग धातू कडेकडून मध्याकडे धावतो, मध्यात खाली बुडी मारतो आणि आर्कची उष्णता थेट तळाशी नेऊन सोडतो. डबकं खोल होतं.

दोन्ही प्लेटींची मिल सर्टिफिकेटं (कारखान्याने दिलेले घटकांचे दाखले) काढली. एकीवर सल्फरच्या रकान्यात ‘कमाल ०.०३०’ असं छापलेलं. ही ३०४ च्या प्रमाणाची मर्यादा झाली, या घाण्यातला आकडा नव्हे. असं सर्टिफिकेट प्लेट विकत घेताना चालतं, इथे त्याचा उपयोग शून्य. दोन्ही तुकड्यांचा कीस ज्वलन पद्धतीने तपासून घेतला. अ: ०.००३ टक्के. ब: ०.०१५ टक्के. दोन्ही ३०४, दोन्ही प्रमाणात, आणि सल्फर पाचपट. वेल्डिंग करून देणाऱ्या गृहस्थांना आकडे सांगितले तर म्हणाले, “आम्हाला हे हाताला कळतं. काही प्लेटी पाणी धरतात, काही धरत नाहीत.”

कोडसाठी साहू, डेब्रॉय आणि मॅकनालन यांचं १९८८ चं सूत्र घेतलं. लोखंड-सल्फरसाठी तापमान आणि सल्फर दोन्हींवरून पृष्ठीय ताण देतं. कोडमध्ये घालण्याआधी कागदावर चाचपून पाहिलं. ०.००३ टक्क्यांना उतार १,७९० केल्विनच्या आसपास उलटतो, ०.०१५ ला २,०३० च्या आसपास. त्याखाली धातू आत येतो, त्यावर बाहेर जातो. लिक्विडस १,७२३ असल्याने अ मध्ये उलट्या प्रवाहाला कडेची अगदी अरुंद पट्टी उरते. ब मध्ये मात्र तीनशे अंशांची रुंद पट्टी.

सूत्र टाइप करताना सांभाळायची जागा: सल्फर वजनाच्या टक्क्यांत, शोषणाचा उष्मा ऋण, आणि वायू-स्थिरांकाचं एकक किलोमोल की मोल हे बाकीच्या आकड्यांशी जुळलेलं. वरचे दोन उलटण्याचे आकडे तुमच्या कोडमधून निघत नसतील तर पुढे रन घेऊ नका.

१९ जुलै

सल्फरसकट दोन्ही रन. बाकी एकही आकडा वेगळा नाही.

अ: रुंदी ६.८, खोली १.३. जवळजवळ आधीसारखंच.

ब: रुंदी ५.१, खोली ३.१. प्रत्यक्षात २.६. खोली थोडी जास्तच आली, पण आकार पहिल्यांदाच योग्य बाजूला गेला.

ब चा पृष्ठभाग पाहण्यासारखा आहे. मध्यात तापमान २,०३० च्या वर, तिथे धातू बाहेर निघतो. कडेकडून येणारा आत येतो. दोघे मध्यापासून साधारण एक मिलिमीटरवर एका वर्तुळावर समोरासमोर धडकतात आणि तिथून खाली घुसतात. ही धडक एका जागी राहत नाही. वर्तुळ आत-बाहेर होतं, त्याबरोबर खालचा भोवरा फुगतो, आक्रसतो. पहिल्यांदा वाटलं टाइम स्टेप मोठी पडतेय. ती निम्मी केली तरी डोलणं तसंच. मेश बारीक केली तर आणखी वाढलं. म्हणजे डोलणं खरं आहे, आकडेमोडीचं भूत नाही. फक्त हे द्विमितीय कोडमध्ये डोलतंय, जिथे धातूला बाजूला सरकायला जागाच नाही. खऱ्या डबक्यात ते गोल फिरून, तुटून, बारीक भोवऱ्यांत विरलं असतं आणि खाली जाणाऱ्या झोताचा जोर कमी झाला असता. खोली जास्त येण्याचं कारण मला हेच वाटतं.

२७ जुलै

उरलेली बलं एकेक करून. बुऑयन्सीने (गरम, हलका धातू वर चढल्याने) सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरचा वेग मिळतो, मॅरँगोनीपुढे नगण्य. लॉरेंट्झ बल (करंट आणि त्याच्याच चुंबकीय क्षेत्राने धातूवर पडणारं) १२० अँपिअरला सेकंदाला आठ-एक सेंटिमीटरपर्यंत. खोली थोडी वाढते, कोडमध्ये ठेवलं. पृष्ठभाग सपाट धरलाय, २०० अँपिअरच्या खाली आर्कचा दाब डबक्याला फारसा खळगा पाडत नाही. बाष्पीभवनाची उष्णता पृष्ठभागावरून वजा केली. मधलं तापमान किंचित उतरलं, कडेला काही फरक नाही.

३ ऑगस्ट

३.१ आणि २.६ मधल्या फरकाचं काय करायचं यावर अडलोय. रूढ उपाय म्हणजे द्रवाची व्हिस्कॉसिटी आणि वाहकता एका ‘वाढीव गुणका’ने फुगवायची, कारण टर्ब्युलन्स (प्रवाहातली खळबळ) म्हणून सांगायचं. गुणक किती? जुळेल तेवढा. ११ जुलैला ज्या खुंट्या काढून ठेवल्या त्यांतलीच ही एक, फक्त नाव भारदस्त. अ आणि ब दोन्हींना एकच गुणक चालला असता तर विचार केला असता. ब ला जो लागतो त्याने अ ची खोली तुकड्यापेक्षा पुढे जाते.

त्रिमितीय रनचा हिशेब केला. ८ बाय ८ बाय ३ मिमीचा भाग २० मायक्रॉनच्या सेलने भरला तर २.४ कोटी सेल. आत्ताच्या गतीने ३ सेकंदांना साडेतीन महिने. नाही परवडत.

पण आर्क ३ सेकंदच हवी असं कुणी सांगितलंय? अर्ध्या सेकंदात डबकं लहान असतं, भाग ५ बाय ५ बाय २ मिमीवर येतो, सेल साठ लाखांच्या घरात, आणि वेळ एकषष्ठांश. पाचेक दिवसांत रन पुरा होतो. ब प्लेटीवर अर्ध्या सेकंदाचे स्पॉट मारून मागितले आहेत. मशीनचा टायमर एवढ्या कमी वेळेला नेमका नसतो आणि करंट चढायलाही क्षणभर लागतो, म्हणून करंट आणि व्होल्टेज नोंदवून घ्यायला सांगितलं आहे. कोडमध्ये ठोकळ १,३२० वॅट न घालता ती नोंदच वेळेनुसार भरणार. स्पॉट शेजारी शेजारी पाच मारून हवेत, प्रत्येक वेळी प्लेट थंड झाल्यावर. इतक्या लहान डबक्यात कापाची रेघ मध्यापासून पाव मिलिमीटर जरी सरकली तरी खोली कमी दिसते, म्हणून पाचांतली सर्वांत जास्त खोली धरायची.